रंगाचे दोन हात

पॅसेजमधून चालताना आईचा डावा हात भिंतीवर असतो. तळवा टेकत नाही. चार बोटांची टोकं तेवढी लागतात, तीही इतकी हलकी की झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरत असावीत. काचबिंदूनं तिची नजर कडांकडून खात आणली आहे. समोरचं अजून थोडं दिसतं, नळीतून पाहावं तसं. बाजूचं काहीच दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे ती बोटं ठेवते.

त्या भिंतीवर उठावाच्या नक्षीचा जाड वॉलपेपर आहे. एक वेल खालून वर चढत गेलेली, तिला पाच पाकळ्यांची फुलं. हा कागद आम्ही लावलेला नाही. घर घेतलं तेव्हाच तो होता आणि तेव्हाही नवा नव्हता. त्यावर कुणीतरी एकदा पांढरा रंग दिला होता, तो आता पिवळट पडला होता. कुठे सांधे उकलले होते, कुठे फुगे आले होते. मला तो कागद कधीच आवडला नाही. धूळ धरणारा, कुठल्यातरी जुन्या बैठकीच्या खोलीतून उचलून आणल्यासारखा वाटायचा. पॅसेज रंगवायचा ठरला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हा सगळा खरवडून काढायचा आणि भिंत गुळगुळीत करून घ्यायची.

आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, मग मी कुठून जाऊ?"

इतकी वर्षं तिचा हात भिंतीवरून जाताना मी रोज पाहत होते. त्या हाताखाली काय आहे, याचा विचार मात्र मी केला नव्हता.

रंगारीकाका आले ते भिंतीकडे न बघता आधी तिचा आवाज ऐकू लागले. बोटं दुमडून त्यांनी एका टोकापासून ठोकायला सुरुवात केली. भरीव ठिकाणी आवाज आखूड येतो, तिथल्या तिथे विरतो. पोकळ ठिकाणी तो जरा पसरतो, डबडबीत होतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर मलाही फरक कळायला लागला. "ताई," ते म्हणाले, "भिंतीनं कागद धरलाय का कागदानं भिंत, ते आधी बघू." जुन्या घरांत हे दुसरंही होतं. गिलावा आतून सुटलेला असतो आणि वरचा कागद त्याला जागेवर धरून ठेवतो. अशा ठिकाणी कागद ओढला की त्याच्याबरोबर भिंतीचा थरही हातात येतो.

पोकळ जागांना खुणा करायला मी मार्कर पुढे केला, तर त्यांनी तो परत माझ्याच हातात दिला. मार्करची किंवा बॉलपेनची शाई पाण्याच्या रंगात विरघळते आणि वर येते. तीन हात मारले तरी चौथ्यातून डोकावते. खुणा शिसपेन्सिलनंच करायच्या, त्याही बारीक. (रंगाच्या थराला 'हात' म्हणतात हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. या महिन्याभरात तो मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.)

एकूण सात जागा पोकळ निघाल्या. पाच ठिकाणी नुसता कागद सुटला होता. दोन ठिकाणी मात्र आतला गिलावाच गेला होता. ते दोन तुकडे कागदासकट कापून काढावे लागले, आत भर घालून ती पुरती वाळेपर्यंत थांबावं लागलं. बाकीचा कागद घट्ट होता. तो राहणार होता, आणि मला आता तो राहावा असंच वाटत होतं.

असा कागद रंगवणं ही तडजोड आहे असं मी समजत होते. थोडं वाचल्यावर कळलं की उठावाचे बरेचसे कागद मुळात रंगवण्यासाठीच जन्माला आले. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकानं आधी लिनोलियम बनवलं होतं, जमिनीवर अंथरायचं. १८७७ साली त्यानं त्याच धर्तीवर भिंतीसाठी 'लिंक्रस्टा' आणलं. जवसाच्या तेलाचा घट्ट झालेला लगदा आणि लाकडाचा भुसा एकत्र करून कोरीव रुळांखालून काढायचा. ते टणक असतं, लाकडाच्या कोरीव कामासारखं दिसतं आणि भिंतीवरून निघता निघत नाही. पुढे १८८७ मध्ये थॉमस पामर यानं कागदाच्या लगद्यापासून हलका, लवचिक उठावाचा कागद काढला, 'अ‍ॅनाग्लिप्टा'. जर्मनीत तर त्याही आधी, १८६४ साली, ह्यूगो एर्फुर्ट या औषधविक्रेत्यानं कागदात लाकडाचा चुरा घालून खरबरीत कागद बनवला होता. या सगळ्यांमागचा विचार मला फार आवडला. नक्षी एकदाच भिंतीवर लावायची, आणि रंग मात्र राहणाऱ्या माणसानं आपल्या मनासारखा, पुन्हा पुन्हा द्यायचा.

आपल्या भिंतीवर यातलं काय आहे हे कळल्याशिवाय पुढचं काम करू नये. मी कपाटामागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नखानं दाबून पाहिलं. लिंक्रस्टासारखं टणक असेल तर नख उमटत नाही. फुगवलेलं व्हिनाइल असेल तर ते स्पंजासारखं दबतं. आमच्या फुलाची पाकळी खाली बसली आणि तशीच राहिली, म्हणजे कागद, आतून पोकळ उठाव असलेला. मग तिथेच ओला बोळा पाच मिनिटं धरला. कागद फुगला नाही, रंग सुटला नाही. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढली, तर जुना रंग तिच्याबरोबर आला नाही. कागदावरून पाणी मोत्यासारखं घरंगळलं असतं तर वर प्लॅस्टिकचा थर आहे असं धरून घट्ट पकडणारा वेगळा प्रायमर शोधावा लागला असता. आमच्याकडे ती वेळ आली नाही.

मग धुणं आलं. या एका कामाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

उठावाच्या कागदावर धूळ प्रत्येक पाकळीच्या वरच्या कडेला, छोट्या फळीवर साचावी तशी साचते. आधी मऊ ब्रशच्या तोंडाचा व्हॅक्यूम फिरवला, वरून खाली. त्याशिवाय पाणी लावलं असतं तर धुळीचा चिखल होऊन तो नक्षीच्या खोबणीत बसला असता. मग कोमट पाणी, त्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब, आणि घट्ट पिळलेला स्पंज. कागद भिजू द्यायचा नाही, कारण त्याच्यामागची खळ पाण्यानंच कालवलेली असते आणि पाणी लागलं की ती पुन्हा मऊ होते. आणि धुवायला सुरुवात खालून करायची. मला हे उलटं वाटलं होतं. पण वरून धुतलं की मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या, मळलेल्या भागावर उतरतात, आणि ते डाग मग घासूनही जात नाहीत. खालचा भाग आधीच धुऊन ओलसर असला की ओघळ नुसते पुसले जातात.

खालून वर येता येता मी कमरेच्या थोडी वर पोचले आणि थांबले.

तिथे भिंतीवर एक पट्टा होता. वीतभर रुंद, आईच्या खोलीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, किंचित तपकिरी आणि तेलकट. रोज दिसत असणार, पण पॅसेजच्या मंद उजेडात तो सावलीसारखा वाटायचा. आता खालची भिंत उजळल्यावर तो नदीच्या पात्रासारखा स्पष्ट झाला. मी टॉर्च आडवी धरली. पट्ट्यातल्या पाकळ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि त्यांना मंद चकाकी आली होती. बाथरूमच्या दारापाशी पट्टा रुंद झाला होता, कारण तिथे ती चौकट शोधते. एका ठिकाणी तो एकदम वर चढून बटणांच्या बोर्डापाशी गेला होता. आईची इतक्या वर्षांची ये-जा तिथे लिहिलेली होती.

आणि तो पट्टा धुवायलाच हवा होता. त्वचेचा तेलकटपणा राहिला तर त्यावर प्रायमर धरत नाही, धरला तरी काही महिन्यांत पापुद्रा सुटतो. नेमकं जिथे तिचा हात रोज लागणार, तिथेच. मला ठाऊक होतं, तरी स्पंज बाजूला ठेवून मी आईला हाक मारली. सांगितलं की भिंतीवर तुझ्या हाताची वाट उमटली आहे, ती मी आता पुसते आहे. ती आली, तिनं त्या पट्ट्यावरून बोटं फिरवली आणि बोटांची टोकं एकमेकांवर चोळली. "चिकट लागतंय," म्हणाली. "पूस की. मी परत करीन."

तो पट्टा मी तीनदा धुतला. दोनदा साबणाच्या पाण्यानं, मऊ दातांच्या ब्रशनं एकेक फूल. नंतर नुसत्या स्वच्छ पाण्यानं, कारण साबणाचा थर राहिला तर तोही रंगाला तेलाइतकाच नडतो. मग तीन दिवस काहीच केलं नाही, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि भिंत वाळू दिली.

ओल होती ती फक्त बाथरूमच्या बाजूला, हातभर उंचीपर्यंत. त्याबद्दल थोडक्यात सांगते. आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, मग जागा वाळवायची, बुरशी असेल तर मारायची, आणि त्यानंतरच रंगाचं नाव काढायचं. ओलीवर रंग देणं म्हणजे ती काही महिन्यांसाठी झाकून ठेवणं. आमच्याकडे नळाचा जोड पाझरत होता. तो बदलला, आणि त्यासाठी सगळं काम दोन आठवडे थांबलं. थांबलेलं बरं.

त्या दोन आठवड्यांत मी फुगे आणि सांधे हाती घेतले. फुग्यावर धारदार पात्यानं नक्षीच्या कडेकडेनं छोटी चीर द्यायची, म्हणजे ती वेलीच्या रेषेत लपते. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये वॉलपेपरची खळ भरून चिरेतून आत सोडायची आणि ओल्या स्पंजानं हलकेच दाबायचं. साध्या कागदाच्या सांध्यांवर छोटा कडक रूळ फिरवतात. उठावाच्या कागदावर तो फिरवला तर फुलं चपटी होतात आणि चपटं झालेलं फूल पुन्हा उठत नाही. म्हणून फक्त स्पंज, फक्त तळवा. उकललेले सांधे मी एकेक करून उचलले, आत खळ लावली, कडेला कड भिडवली आणि ओघळलेली खळ लगेच पुसली. स्वयंपाकघराच्या बाजूनं चौथा सांधा सगळ्यात जास्त उकलला होता, त्याची कड कुत्र्याच्या कानासारखी बाहेर वळली होती. त्याला दोन वेळा खळ लागली. शेवटी तो असा बसला की मलाच शोधावा लागला. मला तेव्हा फार समाधान वाटलं.

दोन ठिगळांचं काम त्याहून नाजूक. गिलावा भरलेल्या जागी आता कागदच नव्हता. नुसती पुट्टी भरून गुळगुळीत करता आली असती, पण मग तिथे आईच्या बोटांना एकदम खड्ड्यात पाय पडल्यासारखं झालं असतं. कपाट सरकवून त्याच्यामागचा चांगला कागद आम्ही सोडवून घेतला. काकांनी तो तुकडा छिद्रापेक्षा मोठा घेतला, नक्षी जुळवून तात्पुरता भिंतीवर चिकटवला आणि पोलादी पट्टी धरून वरचा आणि खालचा असे दोन्ही कागद एकाच वेळी कापले. मग खालचा जुना काठ काढून टाकला आणि वरचा तुकडा त्या जागी बसवला. दोन्ही एकाच पात्यानं, एकाच रेषेत कापल्यामुळे फट उरत नाही. काम फार देखणं झालं. मी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, टॉर्च लावून पाहिलं. दोन्ही ठिगळं दिसत नव्हती.

आई स्वयंपाकघरातून येत होती. तिची बोटं पहिल्या ठिगळावरून सरळ निघून गेली. दुसऱ्यावर थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"इथलं फूल खाली बघतंय," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. फुलाला पाच पाकळ्या. सगळ्या वेलीवर एक पाकळी वर आणि दोन खाली अशी ठेवण. या एका तुकड्यात एक पाकळी खाली आणि दोन वर. तुकडा उलटा बसला होता. देठ जवळजवळ जुळले होते, त्यामुळे डोळ्यांनी आम्हाला सहज फसवलं होतं. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी खळ ओली असतानाच तुकडा सोडवला, बाजूला ठेवला, कपाटामागून नवा कापला आणि या वेळी तो पक्का करण्याआधी आईला म्हणाले, "आजी, बघा बरं." आईनं पाहिलं, म्हणजे बोटं फिरवली, आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी स्वतः डोळे मिटून त्या ठिगळावरून हात फिरवला. मी ते विसरणार नाही.

काचपेपर आम्ही जवळजवळ वापरला नाही. फक्त पुट्टीच्या कडांवर आणि जुन्या रंगाचे जिथे ओघळ सुकले होते तिथे, तोही बारीक आणि ओला करून. उठावावर घासलं की आधी टोकं जातात, म्हणजे नेमकी नक्षी जाते. शिवाय जुना रंग कोरडा घासण्याआधी त्यात शिसं आहे का हे तपासलंच पाहिजे. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, आणि अनेक देशांत त्याहून उशिरा. त्याआधीच्या थरांची धूळ घरात उडवणं धोक्याचं, लहान मुलांसाठी तर फारच. जुनी भिंत जाड दाणेदार लेपाची असेल, कागदाची नसेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकतो. असे लेप न तपासता कधीच खरवडू नयेत. आमच्या रंगाची तपासणी केली, शिसं निघालं नाही. तरी आम्ही ओलंच घासलं.

प्रायमर देण्याच्या दिवशी आई मावशीकडे गेली. पाण्याचा प्रायमर जुन्या कागदावर सरळ दिला तर त्यातलं पाणी खळीपर्यंत पोचून कागद पुन्हा सुटू शकतो, आणि जुने डाग, जुनी शाई त्यात विरघळून वर येते. म्हणून कागदावरचा पहिला थर तेलाचा किंवा लाखेचा घेतात. आम्ही लाखेचा घेतला. झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली ती लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात पांढरा रंग मिसळलेला. तो तासाभरात वाळतो आणि पाण्याचे डाग खाली बंद करून टाकतो. वास मात्र डोक्यात चढतो. खिडक्या उघड्या, तोंडाला वाफा अडवणारा मास्क, आणि घरात ज्योत पेटवायची नाही.

मग रंग. किती हात द्यायचे यावर आमची खरी चर्चा झाली.

काका म्हणाले तीन, कारण पिवळट भिंतीवर तीन हातांत रंग पक्का दिसतो. मी रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. डब्यावर लिहिलं होतं की एक लिटर साधारण १० चौरस मीटरला पुरतो. एक लिटर १० चौरस मीटरवर सारखा पसरला तर ओल्या थराची जाडी होते ०.१ मिलिमीटर. त्यातलं पाणी उडून गेलं की उरतो तिसरा हिस्सा ते निम्मा. म्हणजे एका हाताचा वाळलेला थर ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर. डोळ्यांना हे काहीच नाही. पण ब्रेल लिपीच्या ठिपक्याची उंची साधारण अर्धा मिलिमीटर असते. लुई ब्रेलनं १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली तेव्हापासून माणसं तेवढ्या उंचवट्यावर अख्खी पुस्तकं वाचत आली आहेत. दहा-पंधरा हातांत रंगाचा थर एका ठिपक्याएवढा जाड होतो.

रंग सगळीकडे सारखा बसला असता तर चिंता नव्हती, फूल आणि त्याभोवतीची जमीन दोन्ही सारखीच वर आली असती. पण ओला रंग तसा राहत नाही. तो टोकांवरून ओसरतो आणि खोबणीत साचतो. उंचवट्यावर पातळ, खोलगट जागी जाड. प्रत्येक हात नक्षीचा थोडा तळ भरून काढतो. म्हणजे या कागदाला किती वेळा रंगवता येईल याला मर्यादा आहे, आणि त्यातला एक-दोन थरांचा हिशेब आमच्या आधीच्या कुणीतरी वापरून टाकला होता. मला पुढच्या वेळेसाठीही काही शिल्लक ठेवायचं होतं. आईचं पुढचं दिसणं कसं असेल ते आम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी ते लपवलेलं नाही.

दोन हात ठरले. त्यासाठी प्रायमरलाच रंगाची किंचित छटा देऊन घेतली होती, म्हणून दोन हातांत भिंत भरली. लोकर लांब असलेला, १८ मिलिमीटरचा रोलर घेतला, म्हणजे तो न दाबता खोबणीपर्यंत पोचतो. आखूड लोकरीचा रोलर फक्त टोकं रंगवतो आणि मग आत रंग पोचवायला माणूस दाबतो, तिथे फुलं चेपतात. रोलर रंगात बुडवून चांगला निथळून घ्यायचा. काका पुढे रोलर फिरवत होते, मी मागून जवळजवळ कोरडा ब्रश घेऊन खोबणीत साचलेला रंग ओढून काढत होते. एका वेळी एकाच पट्टीवर. वॉलपेपरची पट्टी साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असते, तेवढंच काम एका दमात. टॉर्च भिंतीला आडवी धरली की साचलेला रंग चकाकतो. तो चकाकणं थांबेपर्यंत पुढे जायचं नाही. मान आणि खांदे भरून आले. पण पहिला हात वाळल्यावर मी डोळे मिटून बोटं फिरवली, आणि पाचही पाकळ्या मोजता आल्या.

रंग निवडताना मी प्रथमच भिंत कशी दिसेल याऐवजी कुणाला दिसेल असा विचार केला. चकाकीचा रंग धुवायला सोपा, पण काचबिंदूच्या माणसाला त्यावरचा दिव्याचा झळाळ डोळ्यांत टोचतो. मॅट त्या बाबतीत चांगला, शिवाय उठावाच्या कागदावरचे बारीकसारीक दोषही तो झाकतो. पण साधा मॅट जिथे हात लागतो तिथे लवकर मळतो आणि पुसताना चमकदार होतो. म्हणून धुता येणारा मॅट घेतला. भिंत फिकट, आणि दारांच्या चौकटी गडद निळ्या. शेडकार्डावर प्रत्येक रंगाखाली तो किती प्रकाश परतवतो याचा ० ते १०० मधला आकडा असतो, हे मला कधी माहीतच नव्हतं. कमी दिसणाऱ्यांसाठी भिंत आणि चौकट यांत ३० अंकांचा फरक असावा असं ब्रिटनच्या बीएस ८३०० या मानकात सांगितलं आहे. आमचा फरक त्याहून बराच जास्त ठेवला. मला फिकट चौकटी आवडल्या असत्या. पण पॅसेजच्या टोकाला उभं राहून तीन निळी दारं ओळीनं दिसायला लागली तेव्हा मला तोच रंग आवडला.

आई आठवड्यानं परत आली. वास गेला होता. तिनं चप्पल काढली आणि डावा हात भिंतीवर ठेवला. मी आणि काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो, ते पैसे घ्यायला आले होते पण बोलत नव्हते. ती हळू चालली. "खरखरीत झालंय," म्हणाली, "पण सगळं आहे." पहिलं ठिगळ गेलं, दुसरं गेलं. बाथरूमच्या निळ्या चौकटीकडे तिनं मान वळवून पाहिलं, खरंच पाहिलं.

आणि मग स्वयंपाकघराच्या अलीकडे ती थांबली. हात पुढे नेला, मागे आणला. वर नेला. भिंतीवर काहीतरी शोधू लागली.

"इथली कड कुठे गेली?"

चौथा सांधा. कुत्र्याच्या कानासारखी वळलेली ती कड. ती बोटाला लागली की वीतभर वर बटणांचा बोर्ड, हे तिचं रोजचं गणित होतं. धुताना मी पाहिलं होतं की तिच्या हाताचा पट्टा तिथेच वर चढत होता. पाहिलं होतं आणि तरी तो सांधा मी स्वतः, दोनदा खळ लावून, असा बुजवला होता की मलाच सापडू नये. फुलाच्या बाबतीत तिला विचारायला शिकले होते. सांध्याच्या बाबतीत विचारलं नव्हतं.

काका आत गेले. उलट्या बसलेल्या तुकड्याचं फूल अजून त्यांच्या सामानात होतं. त्यांनी ते पाकळ्यांच्या कडेनं कापलं, मागून खळ भरली म्हणजे दाबून चपटं होणार नाही, आणि विचारलं, "आजी, कुठं लावू?" आईनं त्यांचा हात धरून भिंतीवर नेला, थोडा खाली, थोडा डावीकडे, आणि एका जागी थांबवला. तिथे वेलीवर आधीच एक फूल होतं. त्याच्यावरच त्यांनी हे दुसरं चिकटवलं, दुप्पट उंचीचं. वाळल्यावर मी त्याला ब्रशनं एकच पातळ हात दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आधी, मला पॅसेजमध्ये बोटांचा आवाज आला. खरखर, खरखर, मग क्षणभर काही नाही, आणि दिवा लागला.